मेसेजला आवाज नसतो, मग सूर कुठून आणायचा?

मेसेज पाठवणाऱ्याला स्वतःचा मेसेज कायम गोडच ऐकू येतो, आणि डिजिटल बोलण्यातली बरीचशी भांडणं इथूनच सुरू होतात. तुम्ही "कधी देणार?" असं टाइप करता तेव्हा तुमच्या डोक्यात तो प्रश्न अगदी साध्या, हसऱ्या सुरात वाजत असतो, पण तो वाचणारा माणूस नुकताच साहेबांची बोलणी खाऊन लोकलच्या दारात उभा असतो आणि त्याला तेच दोन शब्द वसुलीला आलेल्या माणसासारखे वाटतात. शब्द तुमचे, पण सूर मात्र वाचणाऱ्याचा लागतो. समोरासमोर बोलताना हे होत नाही कारण चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, समोरच्याच्या कपाळावर आठी पडली की आपण लगेच "अहो तसं नाही हो म्हणायचं" म्हणून सावरून घेतो. मेसेजमध्ये ती आठी आपल्याला दिसतच नाही.

यावर एक फार सुंदर प्रयोग झालेला आहे. १९९० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन नावाच्या संशोधक विद्यार्थिनीने लोकांना ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी टकटक करून वाजवायला सांगितली, समोर बसलेल्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी गाणी तरी नक्की ओळखतील, आणि प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. कारण वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण गाणं चालू असतं, समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. पुढे २००५ मध्ये जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी हेच ईमेलच्या बाबतीत तपासलं, वाक्य मनापासून लिहिलंय की टोमणा म्हणून लिहिलंय ते वाचणाऱ्याने ओळखायचं. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की ७८ टक्के वेळा बरोबर कळेल, कळलं ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी फार फरक पडला नसता. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा मात्र ७३ टक्के वेळा बरोबर ओळखली गेली. आता यात कुणी मूर्ख नव्हतं की कुणी उद्धट नव्हतं, फक्त पाठवणाऱ्याच्या डोक्यातला आवाज मेसेजबरोबर गेलाच नव्हता.

म्हणून मला असं ठाम वाटतं की मेसेजमधला नम्रपणा हा गोड शब्दांचा प्रश्नच नाहीये, तो पूर्ण माहिती देण्याचा प्रश्न आहे. जे बोलताना आवाज आणि चेहरा सांगून टाकतो ते लिहिताना आपल्याला सांगावं लागतं, कशासाठी विचारतोय, कधीपर्यंत हवंय, नाही जमलं तर चालेल का. "कृपया" लावलं की झालं असं खूप जणांना वाटतं, पण नुसतं कृपया लावलेलं वाक्य मराठीत पाटीसारखं वाटतं, "कृपया येथे वाहने उभी करू नयेत" या जातीचं. ऑफिसमध्ये कुणी "कृपया रिपोर्ट पाठवा" असं लिहिलं तर ते वाचून कुणाला मायेने काही वाटत नाही. त्याऐवजी "रिपोर्ट आज संध्याकाळी सहापर्यंत मिळेल का? उद्या सकाळी दहाच्या मीटिंगला लागणार आहे, पूर्ण झाला नसेल तर आहे तेवढा पाठवा, चालेल" असं लिहिलं तर त्यात कृपया कुठेच नाही, तरी वाचणाऱ्याला समजतं की घाई का आहे आणि आपली अडचणही या माणसाने लक्षात घेतलेली आहे.

आपण बोलताना वाक्यात किती गोष्टी पेरतो बघा, जरा, ना, हं, गं, अहो, बरं का. "दार लाव" आणि "दार लाव ना जरा" यातला फरक सांगायला लागत नाही. पण टाइप करताना अंगठ्याला कष्ट नकोत म्हणून आपण नेमकं हेच सगळं गाळतो आणि मग उरतो तो निव्वळ हुकूम. तर ते गाळू नका, ऑफिसच्या मेसेजमध्ये सुद्धा "जरा बघाल का" हे अगदी चालतं, उलट बरं वाटतं. आणि अनोळखी माणसाला पहिला मेसेज कायम "तुम्ही" ने, मग तो वयाने लहान असो, कुरिअर घेऊन आलेला मुलगा असो की नळ दुरुस्त करणारे दादा असोत. अरे-तुरेवर यायचं असेल तर ते समोरच्याने सुचवू द्या. बोलताना "तू" आपुलकीचा आहे की तुच्छतेचा हे सुरावरून कळतं, मेसेजमध्ये कळत नाही, एवढं साधं कारण आहे.

आता एक खरोखरचा नमुना घेऊ, जो महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेलेला आहे. "सर्व सभासदांना सूचित करण्यात येते की उद्या पाणी येणार नाही. सहकार्य करावे." एवढंच. मेसेज सभ्य आहे, शुद्ध आहे, आणि त्यानंतर पुढच्या तासाभरात काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. दिवसभर नाही का? कोणती विंग? पिण्याचं पण नाही का? टँकर मागवलाय का? मग कुणीतरी लिहितं "वेळेवर कळवत जा", त्यावर सेक्रेटरी लिहितात "आम्हीही नोकरी करून हे काम करतो, पगार घेत नाही", त्यावर अजून एक जण तीन वर्षांपूर्वीचा लिफ्टचा विषय काढतो आणि पाणी राहतं बाजूला. सेक्रेटरींचा हेतू चांगलाच होता आणि विचारणाऱ्यांचाही, फक्त पहिल्या मेसेजने कुणाच्याच प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं.

तोच मेसेज असा लिहिला असता तर बघा. "शुक्रवार १४ तारखेला सकाळी १० ते दुपारी ४ बी विंगचं वापरायचं पाणी बंद राहील, टाकी साफ करणार आहोत. पिण्याचं पाणी नेहमीप्रमाणे सकाळी येईल. ए आणि सी विंगला काही फरक नाही. घरात आजारी माणूस किंवा लहान बाळ असेल आणि अडचण असेल तर मला फोन करा, दोन बादल्यांची सोय करतो." चार ओळी जास्त लिहाव्या लागल्या, दोन मिनिटं गेली, पण त्या ग्रुपवरच्या सत्तर-ऐंशी घरांची डोकेफोड वाचली. "उद्या" च्या जागी तारीख घालणं तर फारच महत्त्वाचं आहे कारण ग्रुपवरचा मेसेज लोक दुसऱ्या दिवशी पण वाचतात आणि त्यांचा उद्या वेगळा असतो. आणि "परवा" तर लिहूच नका, मागचा परवा की पुढचा यावर वाद होतो. मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करत असाल तर अजून जपून, तिथे "बरा" आणि "बारा" दोन्ही एकसारखेच दिसतात, वेळ असेल तर सरळ आकडा टाका.

याच्या बरोबर उलटा प्रकार म्हणजे तुकडे. "सर" असा एक मेसेज येतो. दोन मिनिटांनी "आहात का?" मग "एक काम होतं". आणि मग शांतता, कारण पाठवणारा वाट बघतोय की सर "बोला" म्हणतील. त्याला वाटतंय आपण अदबीने वागतोय, थेट कामाचं बोलणं बरं दिसत नाही, आणि ही भावना आपल्याकडे खरीच आहे, कुणाच्या घरी गेलो तरी आधी पाणी होतं, मग चहा, मग विषय निघतो. पण फोनवर याचा परिणाम उलटा होतो, समोरच्याला तीनदा फोन वाजून काहीच कळत नाही आणि काम कुठलं, पैसे मागणार की काय, या विचाराने तो धास्तावतो ते वेगळंच. नमस्कार, स्वतःचं नाव, ओळख कशी, काम काय, हे सगळं एकाच मेसेजमध्ये टाका, उत्तर सवडीने द्या म्हणा. ती खरी अदब आहे कारण समोरच्याला आपल्या वेळेने उत्तर देता येतं.

टिकांचं पण एकदा नीट समजून घेऊ, कारण त्यावरून विनाकारण रुसवेफुगवे होतात. व्हॉट्सॲपवर एक राखाडी टिक म्हणजे मेसेज तुमच्याकडून निघाला, दोन राखाडी म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला, आणि दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे त्याने चॅट उघडलं. निळ्या टिका २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आल्या आणि तेव्हापासून "बघून पण रिप्लाय नाही दिला" ही नवीनच तक्रार जन्माला आली. पण चॅट उघडलं म्हणजे शांतपणे वाचलं असं नाही, गॅसवर दूध असताना पण माणूस फोन उघडतो. ग्रुपमध्ये तर सगळ्यांनी बघितल्याशिवाय टिका निळ्या होतच नाहीत, कुणी बघितलं ते पाहायचं तर मेसेज दाबून धरून माहिती बघावी लागते. तुम्ही स्वतःच्या निळ्या टिका बंद केल्यात तर दुसऱ्यांच्याही तुम्हाला दिसत नाहीत, आणि ग्रुपमध्ये तर त्या बंदच करता येत नाहीत. आपल्याकडून मात्र एक करता येतं, लगेच उत्तर देता येत नसेल तर "बघितलं, रात्री निवांत सांगते" एवढं टाकायचं. वाट बघणाऱ्या माणसाला या एका ओळीने केवढं हलकं वाटतं.

हसरे चेहरे, अंगठे, हात जोडलेले, यांना काही जण पोरकटपणा समजतात. मला ते पटत नाही. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी विसर्गासारखी दोन टिंबं (कोलन), रेघ आणि कंस जोडून आडवा हसरा चेहरा सुचवला तो याचसाठी, की तिथल्या काँप्युटरवरच्या संदेशांत लोकांना गंमत कुठली आणि गंभीर काय ते कळेना झालं होतं. म्हणजे हा प्रश्न जेवढं जुनं डिजिटल बोलणं तेवढाच जुना आहे. फक्त जपून वापरा. आपल्याकडे जोडलेले हात नमस्कारालाही चालतात, आभारालाही, माफीलाही आणि दुखवट्यालाही, त्यामुळे सोबत दोन शब्द हवेतच. आणि अंगठा वयाने मोठ्या माणसाला "बरं बरं, कळलं" असा तुटक वाटू शकतो, तिथे "हो काका, करतो" लिहिलेलं चांगलं. इंग्रजीत सगळी मोठी अक्षरं लिहिली की ओरडल्यासारखं वाटतं, देवनागरीत मोठी अक्षरंच नाहीत म्हणून आपण उद्गारचिन्हांनी ओरडतो, चार-चार, पाच-पाच. एक पुरतं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, ग्रुपवर चूक दाखवणं. मेंटेनन्स थकलेल्यांची नावं, फ्लॅट नंबर आणि रक्कम टाकलेली यादी सगळ्यांसमोर टाकली जाते. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर एका मुलाचं नाव घेऊन "याच्यामुळे इतरांचा वेळ जातो" असं लिहिलं जातं. ऑफिसच्या ग्रुपवर साहेब एकालाच टॅग करून विचारतात, "हे असं कसं झालं?" लिहिणाऱ्याला वाटतं मी वस्तुस्थिती मांडली, पण ज्याचं नाव आहे त्याच्यासाठी ते चारचौघांत कान धरण्यासारखं असतं, आणि बोललेलं हवेत विरतं तरी, लिहिलेलं तिथेच राहतं, त्याचा स्क्रीनशॉट निघतो. एखाद्याची नोकरी गेलेली असू शकते, घरात आजारपण असू शकतं. नियमाने नोटीस द्यायची ती द्या, पण बोलायचं असेल तर त्या माणसाशी वेगळं बोला, जमलं तर फोनवर. ग्रुपवर फक्त "ज्यांचं राहिलंय त्यांनी ३० तारखेपर्यंत भरा, अडचण असेल तर मला सांगा" इतकं पुरतं. कौतुक सगळ्यांसमोर आणि तक्रार खासगीत, हे मी इथे अगदी कळकळीने सांगतेय कारण अशा एका मेसेजवरून शेजारी-शेजारी वर्षानुवर्षं बोलत नाहीत हे पाहिलेलं आहे.

रागाच्या भरात काही गेलंच तर काय करता येतं ते माहीत असू द्या. २०२३ च्या मे महिन्यापासून व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, तो बदललाय अशी खूण मात्र दिसते. सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, पण तिथे मेसेज काढून टाकल्याची ओळ राहते आणि तेवढ्या वेळात लोकांनी वाचलेलं असतंच. त्यामुळे नुसतं डिलीट करून गप्प बसू नका, ज्याला लागलं असेल त्याला "रागात लिहिलं, चुकलं" असं सरळ सांगा.

दुखवट्याच्या मेसेजवर थोडं थांबावंसं वाटतं. ग्रुपवर कुणाच्या तरी वडिलांच्या निधनाची बातमी येते, लगेच खाली "भावपूर्ण श्रद्धांजली" ची रांग लागते, पहिल्याने टाकलेलं बाकीचे कॉपी करतात, आणि त्याच रांगेत मध्येच कुणीतरी दुसऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो, केकच्या चित्रासकट. मुद्दाम कुणी करत नाही, सकाळी उठून वरचे मेसेज न वाचताच हात चालतो. पण ज्याच्या घरी माणूस गेलंय तो नंतर कधीतरी रात्री तो ग्रुप वर सरकवून वाचतो, प्रत्येक नाव वाचतो. अशा वेळी ग्रुपवर एक ओळ लिहिली तरी त्या माणसाला वेगळा मेसेज करा, आणि त्यात गेलेल्या माणसाबद्दलची एखादी खरी आठवण लिहा. "काका मला दरवेळी विचारायचे, नोकरी लागली का रे, लागली तेव्हा पेढे घेऊन आलो होतो तर डोळे भरून आले त्यांचे." असं काहीतरी. तिथे शुद्धलेखन कुणी बघत नाही. आणि शेवटी लिहा की "उत्तर द्यायची गरज नाही", कारण त्या घरात फोन सारखा वाजत असतो आणि प्रत्येकाला धन्यवाद म्हणण्याचं ओझं पण असतं. जवळचं नातं असेल तर मेसेजवर भागवू नका, जा किंवा फोन करा.

फॉरवर्ड हा पण संवादच आहे, "मी फक्त पुढे पाठवलं" हे उत्तर मला मान्य नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं, ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. ती अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती, आणि पुढे पाठवणाऱ्यातल्या बहुतेकांना आपण शेजाऱ्यांना सावध करतोय असंच वाटलं असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना पाठवायची मर्यादा घातली. आता खूप फिरलेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात, आणि २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. दोन बाण दिसले की थांबायचं, पाठवणाऱ्याला खासगीत विचारायचं "हे कुठून आलं काका?", सगळ्यांसमोर "फेक आहे, बंद करा हे" असं नाही, कारण मग काका माहिती विसरतात आणि अपमान लक्षात ठेवतात. ॲडमिन लोकांसाठी एक गोष्ट, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा हेतू एक असल्याशिवाय, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. पण कायद्याने सुटलात तरी असा मेसेज काढून टाकण्याची सोय ॲडमिनच्या हातात आहे, ती वापरा.

ईमेलचं थोडक्यात. विषयाच्या जागी कामाचा विषय लिहा, "नमस्कार" किंवा "अर्जंट" नाही. सीसी हा शब्द टाइपरायटरच्या काळातल्या कार्बन कॉपीवरून आलाय, म्हणजे ज्याला फक्त माहितीसाठी प्रत जाते तो. साध्या प्रश्नात एकदम साहेबांना सीसीत टाकलं की समोरच्याला ती तक्रारच वाटते, तर आधी त्याला एकट्याला विचारा. बीसीसीतले पत्ते इतरांना दिसत नाहीत, खूप अनोळखी लोकांना एकत्र ईमेल करायचा असेल तर तेच वापरायचं, दुसऱ्याचा पत्ता किंवा फोन नंबर न विचारता वाटणं योग्य नाही. आणि सगळ्यांना उत्तर जाणारं बटण दाबण्याआधी, ते उत्तर सगळ्यांना हवंय का ते बघा.

व्हॉइस मेसेजबद्दल दोन्ही बाजू खऱ्या आहेत. ज्या आजीला टाइप करता येत नाही तिच्यासाठी ही फार मोठी सोय आहे, सूर पण पोचतो. पण ऑफिसच्या कामात चार मिनिटांचा ऑडिओ पाठवला तर समोरच्याला तो मीटिंगमध्ये ऐकता येत नाही, त्यातली तारीख शोधता येत नाही, दुप्पट वेगाने लावला तरी पूर्ण ऐकावाच लागतो. निदान खाली एक ओळ टाका, कशाबद्दल आहे.

आणि वेळ. रात्री साडेअकराला आलेला कामाचा मेसेज "उद्या बघितलं तरी चालेल" असं म्हणत असला तरी तो वाचणाऱ्याची झोप जातेच. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याच्या हक्काचा कायदा आहे, आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. तोपर्यंत जीमेलमध्ये ईमेल आत्ता लिहून सकाळी पाठवायची सोय आहे ती वापरा, आणि व्हॉट्सॲपवर स्वतःच्याच नंबरला मेसेज लिहून ठेवता येतो, सकाळी तिथून पाठवा. मुलं परदेशात असतील तर न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं आणि थंडीत साडेदहा तास, म्हणजे आपली दुपारची निवांत वेळ ही तिथली पहाट. खरंच तातडीचं असेल तर मेसेजची वाट न बघता फोन करा, आणि उचलला नाही तर कशासाठी केला होता ते लगेच एका ओळीत टाका, "सगळे बरे आहोत, पासपोर्टची झेरॉक्स कुठे ठेवलीस ते विचारायचं होतं." नाहीतर सकाळी उठून आईचे तीन मिस्ड कॉल बघितले की तिकडे मुलीच्या पोटात गोळा येतो.